चारशे बारा मीटरवर

नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावरच्या कुठल्याही कारखान्यात जा आणि नेटवर्कच्या रॅकचं दार उघडा. आत वायरींचं जंजाळ असेल, एकाही वायरीवर नाव नसेल आणि नवा आलेला माणूस आधीच्याच्या नावाने शिव्या घालत बसला असेल, तर खुशाल समजा की तिथे भास्कर निकुंभचा हात लागलेला नाही. भास्करच्या रॅकमध्ये प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना लेबल असायचं. ‘पहिला मजला, अकाउंट्स, खिडकीजवळ’ असं, स्वच्छ अक्षरात. बत्तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. आधी इंटरकॉमची एक्स्चेंजं बसवली, मग संगणकाच्या वायरी ओढल्या, पुढे फोनही संगणकाच्याच वायरीतून बोलायला लागले तेव्हा स्वतः बसवलेली एक्स्चेंजं स्वतःच्या हाताने उतरवून भंगारात दिली. लेबल लावल्याशिवाय मात्र तो कधी शिडीवरून उतरला नाही. निकुंभांनी लिहिलंय ना, मग तपासायला नको, असं लोक म्हणायचे आणि खरंच तपासायचे नाहीत.

त्याची बायको चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ प्रल्हाद म्हसरूळला राहायचा, दोन गल्ल्या सोडून, आणि भास्करचं रात्रीचं जेवण त्याच्याकडेच असायचं. भावजय रोहिणी एक भाकरी जास्त टाकायची आणि पुतणी सई डिप्लोमाची पुस्तकं घेऊन काकाशेजारी बसायची. या तिघांपलीकडे भास्करला जगात कुणी नव्हतं आणि त्याला कुणी नकोही होतं.

प्रल्हाद ‘शीतमधुर फ्रोजन फूड्स’मध्ये कॉम्प्रेसर ऑपरेटर होता. द्राक्षं, आंबा, मटार, सगळं तिथे गोठवून परदेशी जायचं. गोठवायला अमोनिया लागतो. अमोनिया पाइपात असेपर्यंत गुणी आणि बाहेर आला की डोळे, घसा, फुप्फुसं जाळत सुटतो. तिथल्या अमोनियाच्या लाइनीवरचे व्हॉल्व्ह जुने झाले होते. प्रल्हादने तीनदा लेखी कळवलं, तीनदा कागद गडप झाला. शेवटी त्याने आणि आणखी दोन ऑपरेटरांनी ठरवलं, की कुठल्या तारखेला कुठला जोड गळला याची वहीच तयार करायची आणि थेट कारखाना निरीक्षकाकडे द्यायची. अडचण एवढीच होती की बसायचं कुठे. कारखान्यात जागोजागी कॅमेरे होते आणि तिघांच्या पाळ्या अशा की पाळी बदलताना काय ती गाठ पडायची, बाहेर कधी एकत्र भेट व्हायचीच नाही.

जेवताना प्रल्हादने भास्करला विचारलं, “दादा, तू तिथली भिंत न भिंत ओळखतोस. कॅमेरा नाही अशी एखादी जागा सांग.”

भास्करने फार विचार केला नाही. जुन्या इमारतीत जिन्याखाली, कॉम्प्रेसर रूमला लागून, पूर्वीची एक्स्चेंज रूम होती. एक्स्चेंज निघून बारा वर्षं झाली होती. तिथे कॅमेरा नाही, भोंगा नाही, खिडकीसुद्धा नाही. किल्ली कॉम्प्रेसर विभागाच्याच जुडग्यात. भास्करने ती जागा सांगितली आणि वरणभात कालवला.

तीन महिन्यांनी कारखान्यात ‘जागल्या’ आला.

जागल्या म्हणजे मिक्सरएवढा एक डबा. तो रॅकमध्ये बसवायचा आणि इमारतीत आधीच असलेल्या फायबरच्या एका मोकळ्या धाग्याला जोडायचा. नवी वायर नको, सेन्सर नको. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार, हे भास्करला ठाऊक होतंच. डब्याबरोबर पुण्याहून आलेल्या ऋजुता नावाच्या इंजिनिअर मुलीने त्याला पुढचं समजावलं. या तारेत प्रकाशाचा झटका सोडला की बहुतेक प्रकाश पुढे निघून जातो. पण काच कितीही शुद्ध केली तरी तिच्या पोटात बारीक खोट राहतेच आणि त्या खोटीवर आपटून प्रकाशाचा एक कण माघारी येतो. तो किती वेळाने आला यावरून कितव्या मीटरवरून आला ते कळतं. आता त्या मीटरवर तार नखभरसुद्धा नाही, केसाच्या हजाराव्या भागाएवढी जरी हलली, तरी माघारी येणाऱ्या प्रकाशाचा ठसा बदलतो. डबा सेकंदाला दहा हजार वेळा हे तपासतो. माणूस चालला की फरशी हलते, फरशी हलली की भिंत, भिंत हलली की तार. मीटरामीटरावर एक कान.

“म्हणजे मी बत्तीस वर्षं कानच बसवत होतो,” भास्कर म्हणाला. ऋजुता हसली, भास्करही हसला.

आग लागली, पाणी फुटलं, कुणी अडकून पडलं तर जागल्या नेमकी जागा सांगेल, असं कंपनीच्या पत्रकात छापलं होतं आणि ते खोटं नव्हतं. मात्र डब्याला फक्त मीटर कळतात, खोल्या कळत नाहीत. त्यासाठी माणसाने तारेच्या वाटेने फिरून ठिकठिकाणी भिंतीवर ठोकायचं, डब्याजवळ बसलेल्याने पडद्यावर कुठल्या मीटरवर ठोका उमटला ते पाहायचं आणि तिथे खोलीचं नाव लिहायचं. हे काम अर्थातच भास्करला मिळालं. तार कुठून कुठे गेलीय हे सांगू शकणारा दुसरा माणूसच नव्हता.

निम्मं काम झालं तेव्हा कारखान्याचे मॅनेजर खैरनार साहेब यांनी त्याला सर्व्हर रूममध्ये बोलावलं. ऋजुताच्या पडद्यावर एक पट्टा चमकत होता, चारशे बारा ते चारशे बेचाळीस मीटर. बाकी सगळीकडे तारेला नुसते पावलांचे आवाज कळत होते, या तीस मीटरांना मात्र शब्द कळत होते. ऋजुताने कारणही सांगितलं. इथे तार सरळ गेलेली नाही, एका जागी तिचं वेटोळं करून ठेवलंय. एकच आवाज एकदम तीस मीटर काचेला हलवतो, त्यामुळे तो तीसपट मोठा होऊन येतो.

ते वेटोळं भास्करचंच होतं. पुढेमागे रॅक हलवायची वेळ आली तर तार तोकडी पडू नये म्हणून जास्तीचं वेटोळं मागे ठेवायचं, ही चांगल्या कामाची खूण. बाकीचे लोक पाच मीटर ठेवतात. भास्कर ज्या कामावर जीव लावायचा तिथे तीस ठेवायचा. एक्स्चेंज उतरवताना त्याने ते वेटोळं जुन्या खोलीतच भिंतीवरच्या खुंटीला टांगलं होतं, नीट बांधून, वर पिशवी घालून. प्रल्हादला जागा सांगताना ते त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. वेटोळं कधी कुणाचं काही ऐकतं, असं कुणाच्या डोक्यात येणार?

खैरनारांनी आवाज लावला. गोधडीखालून आल्यासारखा, पण शब्द कळत होते. व्हॉल्व्ह. वही. निरीक्षक. तीन पुरुष बोलत होते. आवाज कुणाचे ते दुसऱ्या कुणाला ओळखू आलं नसतं. भास्करला पहिल्याच शब्दाला आलं.

“निकुंभ, हे कुठलं ठिकाण?” खैरनारांनी विचारलं.

“बघून सांगतो साहेब,” भास्कर म्हणाला. जाताना त्याला स्वतःच्या पायांचा आवाज ऐकू येत होता आणि तो पडद्यावरही उमटत असणार हे त्याला माहीत होतं.

तो जुन्या इमारतीत गेला. खोलीला कुलूप होतं, म्हणून बाहेरूनच भिंतीवर, वेटोळ्याच्या अंदाजाने, तीन ठोके दिले आणि फोनवर ऋजुताला म्हणाला, “कॅन्टीनचं कोठार. मागची बाजू.”

ऋजुताने विचारलं की काका, कॅन्टीनचं कोठार तर तीनशे पाच मीटरवर आलंय, मध्ये शंभर मीटरचं अंतर कसं? भास्करने सांगितलं की जुनं काम आहे, तार छतातून फिरवून परत मागच्या बाजूला उतरवलीय. आणि जुनी एक्स्चेंज रूम? तिथे आता काही नाही, तिथून तार जातच नाही. ऋजुताने लिहून घेतलं. तपासलं नाही.

कॅन्टीनच का, तर शिपाई-हमाल, ऑपरेटर, ड्रायव्हर, सगळेच तिथे जातात. इतक्या माणसांत तिघं शोधणार कसे, असा त्याचा हिशेब होता. खैरनारांनी शोधायची तसदीच घेतली नाही. कोठाराची किल्ली कॅन्टीनच्या बायकांकडे, म्हणजे बैठकीला जागा त्यांनीच दिली, असं ठरवून त्यांनी आठवड्याच्या आत चौघींना घरी बसवलं आणि नवा कंत्राटदार आणला. त्यातल्या सिंधूबाईंनी भास्करला पंधरा वर्षं न मागता चहा दिला होता, साखर कमी घालून. जाताना त्या फाटकाशी त्याला भेटल्या. आम्ही कुणाला किल्ली दिली म्हणतात हो, असं त्यांनी त्यालाच विचारलं.

हे सगळं त्याने प्रल्हादला सांगितलं. बोलू नका म्हणून तर त्याने आदल्याच आठवड्यात बजावलं होतं आणि तेव्हापासून ते तिघं त्या खोलीत न बोलता बसायचे. कागदावर लिहायचे, कागद पुढे सरकवायचे. वहीची शेवटची पानं राहिली होती आणि दुसरी जागा नव्हती. पण कॅन्टीनचं ऐकून प्रल्हादचा हात ताटातच थांबला.

“माझ्यासाठी चार बायकांच्या पोटावर पाय दिलास दादा?”

“तुझी नोकरी गेली असती.”

“गेली असती तर गेली असती. उद्या जा आणि ते नाव बदल. मी बघतो माझं काय ते.”

भास्कर हो म्हणाला. तो कुणाला हो म्हणून फिरणारा माणूस नव्हता. पण दुसऱ्या दिवशी दुसरीकडचं काम निघालं, तिसऱ्या दिवशी ऋजुता पुण्याला गेली. दिवाळीनंतर जागल्याची दुसरी तपासणी होती, तेव्हा सहज दुरुस्त करता येईल, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. नाव बदललं की ते जुनं बोलणं एक्स्चेंज रूमच्या नावावर जाणार आणि त्या खोलीची किल्ली कुणाच्या जुडग्यात आहे ते शेंबडं पोरही सांगेल. प्रल्हादने एकदा विचारलं, बदललंस का? भास्कर म्हणाला, करतोय. पुन्हा प्रल्हादने विचारलं नाही. भावाच्या शब्दावर त्याचा विश्वास होता.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी दुपारी भास्कर सिन्नरला एका बँकेच्या शाखेत फॉल्स सीलिंगच्या वर कमरेपर्यंत शिरलेला होता. फोन खाली पिशवीत होता. शिडीवर फोन घेऊन चढायचं नाही हा त्याचा नियम होता. पोटऱ्या भरून आल्या म्हणून तो खाली उतरला आणि पाणी प्यायला पिशवी उघडली, तेव्हा पडद्यावर नऊ मिस्ड कॉल होते. सगळे शीतमधुरमधले.

खैरनारांनी फोन पहिल्याच घंटीला उचलला. अमोनियाची लाइन फुटली होती. सगळे लोक मैदानात बाहेर आले होते, हजेरी घेतली तर तिघं कमी. पण चिंता नाही, जागल्याने त्यांना शोधलं होतं. भिंतीवर ठोकत होते, खोकत होते, ओरडत होते, पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. कॅन्टीनचं कोठार, मागची बाजू. पाठीला हवेची नळकांडी लावलेली माणसं आत गेली. कोठारात कुणी नाही. पोती उपसली, मांडण्या हलवल्या, मागे पोकळी असेल म्हणून शेवटी मागची भिंत फोडली. तिच्यामागे रस्ता निघाला.

“निकुंभ, ठोके अजून येतायत. हे कोठार नेमकं—”

“एक्स्चेंज रूम,” भास्कर म्हणाला. “जुनी बिल्डिंग, जिन्याखाली. कॉम्प्रेसरच्या शेजारी. पळा साहेब, लवकर पळा.”

त्याने फोन कानाशीच धरून ठेवला. पलीकडे खैरनारांचं ओरडणं, भोंगा, पळापळ. बँकेतल्या एका बाईने त्याला खुर्ची आणून दिली. तो बसला नाही. फोडलेली भिंत आणि उपसलेली पोती मिळून बावीस मिनिटं गेली होती.

त्या खोलीत भोंगा नव्हता, म्हणून त्यांना कळलं तेच मुळी वासाने. तोवर बाहेरचा बोळ वायूने भरला होता. फोन गेटवर जमा केलेले होते. त्यांनी दार लावून घेतलं, प्रल्हादने अंगातला शर्ट पाण्याच्या बाटलीने भिजवून दाराच्या फटीत कोंबला आणि तो तिथेच, दाराशी, शर्ट दाबून बसला. बाकीच्या दोघांना त्याने आतल्या भिंतीशी ठोकायला पाठवलं. जागल्या सगळ्या भिंतींतून ऐकतो, कुणीतरी येईलच, असं तो म्हणाला म्हणे. दोघं जगले. त्यातल्या एकाला आता जिना चढवत नाही. प्रल्हाद दाराशीच गेला.

भास्करला वाटलं होतं की चौकशीत सगळं सांगून टाकू, निदान शिक्षा तरी होईल. आदल्या दिवशी ते वाचलेले दोघं त्याच्या घरी आले. खोकत, थांबत थांबत त्यांनी सांगितलं की आम्ही जबाब दिलाय, काम संपवून घटकाभर विसाव्याला त्या खोलीत बसलो होतो. तुम्ही खरं सांगितलंत तर आम्ही तिथे काय करत होतो तेही निघेल. वही कुठे आहे, असं भास्करने विचारलं. ती प्रल्हादच्या शर्टाच्या खिशात होती, भिजून लगदा झाली, आणि पुन्हा लिहायची आमच्यात ताकद नाही, असं ते म्हणाले. मुलंबाळं आहेत. त्यांच्याकडे बघून भास्करला नाही म्हणवेना.

चौकशी अधिकाऱ्याने विचारलं की नाव चुकीचं ऋजुताने लिहिलं का. भास्कर म्हणाला, नाही, मीच चुकीचं सांगितलं. नजरचूक झाली. अधिकाऱ्याने मान हलवली आणि अहवालात लिहिलं की यंत्राने तिन्ही कामगारांना पहिल्याच मिनिटात ओळखलं होतं, प्राण गेला तो मानवी चुकीमुळे. व्हॉल्व्हबद्दल एक ओळ होती. फुटलेला जोड बदलण्यात आला आहे. बाकीच्या जोडांचा उल्लेख नव्हता.

रोहिणी त्याच्यावर रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. बत्तीस वर्षांत एक चूक, दादा, माणूस आहे म्हटल्यावर व्हायचीच, असं तीच त्याला समजावायची आणि भाकरी वाढायची. तो अर्धी खायचा, अर्धी ताटाखाली दडवायचा, आणि रोहिणी ते बघून आणखीनच हळवी व्हायची. आपल्याइतकंच यांनाही दुःख आहे, असं ती शेजारणींना सांगायची. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि त्यातला फरक सांगायला भास्करला तोंड नव्हतं.

जागल्याच्या कंपनीने रोहिणीला त्या बावीस मिनिटांचा आवाज दिला. तिनेच मागितला होता. आधी ती एकटी ऐकायची, मग बाईमाणसांना ऐकवायला लागली, मग सभांमधून. भिंतीवरचे ठोके, खोकला, आणि मधूनच प्रल्हादचा आवाज, “ठोकत राहा.” सभेत माणसं रडायची. बघता बघता ती जिल्हाभर हिंडायला लागली. प्रत्येक कारखान्यात जागल्या सक्तीचा करा, एवढंच तिचं मागणं होतं. कारखानदारांनी एरवी अशा मागणीला हात वर केले असते. ही त्यांनी उचलून धरली. वर्तमानपत्रात एका मोठ्या कारखानदाराने लिहिलं की भगिनीच्या हाकेला आम्ही ओ देत आहोत. महिन्याभरात दिंडोरी रस्त्यावर एकेका कारखान्यात डबे बसले आणि कारखाना निरीक्षकाकडे जाणाऱ्या तक्रारी थांबल्या. लोक जेवणाच्या सुट्टीत नुसते जेवायला लागले.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी रोहिणी अर्ज घेऊन भास्करकडे आली. मंत्रालयात द्यायचा होता, खाली सह्यांसाठी रांगेने जागा सोडली होती. सोबत सई होती. डिप्लोमा झाला होता आणि वडिलांच्या जागी शीतमधुरने तिला कामावर घेतलं होतं. सोमवारपासून, कॉम्प्रेसर विभागात.

भास्करने सईकडे पाहिलं. तिच्या गळ्यात नवं ओळखपत्र होतं, घरातच घालून बघितलेलं.

“रोहिणी,” तो म्हणाला, “सईला तिथे पाठवू नकोस. त्या लाइनीचे बाकीचे जोड तसेच आहेत. प्रल्हाद तिथे त्या खोलीत विसाव्याला बसला नव्हता.”

“मग कशाला बसला होता?”

तो बोलायला लागला असता. शब्द तयार होते, किती महिने तयार होते. पण रोहिणीने अर्ज मांडीवर ठेवला आणि हात वर करून त्याला थांबवलं.

“नको दादा. तो तिथे का होता ते मला नका सांगू. काही वाईट असेल तर नकोच, आणि चांगलं असेल तर मग तो फुकट गेला असं होईल. तो एकटा नव्हता मेला. कुणीतरी शेवटपर्यंत ऐकत होतं. एवढ्यावर मी उठते, आंघोळ करते, सईचा डबा भरते. तेवढं माझं काढून घेऊ नका.”

सई खिडकीबाहेर बघत होती. भास्करला वाटलं, तिने विचारावं. काका, काय सांगणार होतात, एवढंच विचारावं. तिने विचारलं नाही. आईला सांभाळायचं असतं हे ती त्या काही महिन्यांत शिकली होती.

रोहिणीने पेन पुढे केलं. पहिली सही मोठ्या भावाची असली पाहिजे, असं ती म्हणाली. भास्करने सही केली.

कागदाची घडी घालून पिशवीत ठेवता ठेवता ती म्हणाली, “आणखी एक काम आहे. शीतमधुरमध्ये सगळ्या खोल्यांची नावं परत घालणार आहेत. मी खैरनारांना सांगितलंय, माणूस दुसरा नको, आमचे दादाच करतील. तुमच्याइतकं जपून आता कुणी करणार नाही. पोरगी तिथे असणार आहे.”

“बरं,” भास्कर म्हणाला.